वैर नसलेला साक्षीदार

“साक्षीदार असा आण, ज्याचं सुभेदारांशी ना वैर ना सोयरीक,” चौकशीला आलेले साहेब म्हणाले. “नाहीतर तुझी तक्रार खोटी.”

विणकराची पोर चास्का चावडीत त्यांच्यापुढे उभी होती. पेरू देशाच्या डोंगरातलं हे विणकरांचं गाव, पण राज्य स्पेनच्या राजाचं. सुभेदाराची मुदत संपली की राजधानीहून साहेब येऊन त्याच्या कारभाराची चौकशी करणार, आणि तोवर सुभेदाराने गाव सोडायचं नाही, अशी तिथली रीत. सुभेदार बाल्तासारने तीन वर्षं घरोघरच्या घोंगड्या फुकट उचलल्या होत्या. चास्काच्या बापाने एकदाच नाही म्हटलं, तर बिचारा कोठडीत! तक्रार खोटी ठरली की उद्या त्याची रवानगी चांदीच्या खाणीत. तिथून परतलेलं माणूस गावात कुणी पाहिलं नव्हतं.

“शेजारीण सांगेल, सरकार.”

“तिचं माझ्याशी वैर आहे,” सुभेदाराने मिशीला पीळ दिला. “अख्ख्या गावाचंच आहे. ज्यांचं नाही, ते माझे मेहुणे.”

साहेब नियमाचे पक्के. त्यांनी शेजारणीची साक्ष नाकारली.

चास्काने शाल सावरली. “सुभेदार ज्याला रोज स्वतःच्या हाताने खाऊ घालतात, असा साक्षीदार चालेल?”

“चालेल की,” सुभेदारच आधी बोलला. “माझं खाऊन माझ्यावर कोण उलटतो, बघू तरी.”

“मग त्यांचं खेचर आणा.”

चावडीत खसखस पिकली. साहेबांनी मात्र नियमाचा कागद पुन्हा वाचला. साक्षीदार माणूसच हवा, असं त्यात कुठे नव्हतं.

खेचर आलं. चास्काने त्याच्या पाठीवर रिकामं खोगीर टाकलं आणि दावं सोडून दिलं. साहेब, सुभेदार आणि सारं गाव मागोमाग निघालं. खेचर थेट पहिल्या विणकराच्या दारात जाऊन थांबलं. ओझं लादायला लागावा तेवढा वेळ थांबून पुढच्या दारात गेलं. मग त्याच्या पुढच्या. मेहुण्याचं घर आलं, तिकडे ढुंकूनही पाहिलं नाही! शेवटी सुभेदाराच्या परसातल्या कोठाराचं दार त्याने डोक्याने ढकललं. आत छतापर्यंत घोंगड्याच घोंगड्या.

“जनावर ते,” सुभेदार घाम पुसत म्हणाला. “सवयीने थांबतं.”

“तेवढंच विचारायचंय सरकार,” चास्का म्हणाली. “सवय लावली कुणी?”

साहेब इतके हसले की त्यांची टोपी घोंगड्यांत पडली. बाप त्याच दुपारी सुटला, घोंगड्या ज्याच्या त्याच्या घरी गेल्या, आणि खेचर चास्काला बक्षीस मिळालं. सुभेदार शिक्षा ऐकायला राजधानीला गेला तो पायीच.