शाईचं वजन

सांगा पाहू मंडळी, विश्वास कोणावर ठेवावा: फटकळ शेजाऱ्यावर, की गोड सल्लागारावर? घाई नको, आधी ऐका.

एका राज्यात तक्रारी चालत जात नसत, उडत जात. डोंगरावर मोरमहाराजांचा दरबार, पायथ्याला तलावाचा बांध आणि बांधाखाली बिळं. डोंगर चढायला बिळवाल्यांना मनाई होती. ज्याला काही सांगायचं असेल त्याने ते कांद्याच्या सालीसारख्या पातळ कागदावर लिहावं, त्याचं बोराएवढं विमान करावं आणि दरबाराच्या तटावरून पलीकडे सोडावं. पोचलं, तर ऐकलं जाई.

घड्या घालण्यात भागू चिचुंद्रीचा हात धरणारं कोणी नव्हतं. एका सकाळी तिला बांधाला तडा गेलेला दिसला. बरोबर खाली तिचं बीळ, आत चार पिल्लं, अजून डोळेही न उघडलेली. तिने सगळं बारीक अक्षरात लिहिलं. विमान तटावर आपटून खाली पडलं.

“शाई जड होते हो, भागूबाई,” तटावरचा बगळा मायेने म्हणाला. “थोडं आवरतं घ्या.”

तिने पिल्लं गाळली. मग तडा गाळला, मग बांधही गाळला. शेवटी ‘पाणी’ एवढाच शब्द उरला. तेही विमान नाकावर आपटलं.

“अगं ए घडीवाले, माझ्या भिंतीला ओल आलीय!” शेजारची घूस खेकसली. “पिल्लं उचल आणि चल डोंगरावर.”

“आणि मनाई?”

“बुडायला नाहीये ना मनाई? मग बुड.” घूस एकटीच चढू लागली.

चूक घडीत आहे की शाईत, हे पाहावं म्हणून भागूने एक कोरं विमान सोडलं. ते तरंगत तटापलीकडे गेलं. बिळांतून एकच जल्लोष झाला.

“कोरी का होईनात, शेकड्यांनी गेली की वर कळेलच काहीतरी बिघडलंय,” भागू म्हणाली. मग सगळीच घड्या घालू लागली. पाणी तिच्या पंजांशी आलं, तरी तिची घडी चुकली नाही.

वर दरबारात कारकून कासव एकेक विमान उलगडून मोजत होतं. मोर खुशीत होता.

“पूर्वी किती कुरकुरायची ही मंडळी! आता बघा, एक अक्षर नाही.”

“महाराज, ही शेवटची पाच भिजलेली आहेत. यानंतर एकही आलं नाही. ही मोजणीत धरायची का?”

“धरा की! हिशेब कसा, प्रामाणिक ठेवावा. एकही गाळू नका.”