बंधुभवन आणि चार तांबे

"शपथ मोडणारा शोधून आणा! नाहीतर फाटकाजवळचं घर रिकामं करा आणि संस्थानाबाहेर चालते व्हा!"

सोनवळ्याचे महाराज भडकले की डोक्यावरचं पागोटं काढून ठेवत. आज ते कधीच खाली उतरलं होतं. समोर बंधुभवनाचा म्हातारा पहारेकरी खंडोजी हात जोडून, वाकून उभा होता. त्याला हाताला धरून घेऊन आलेली त्याची सून राही मात्र ताठ उभी होती. नवरा पलटणीत, घरात सासरा आणि एक कपिला गाय, एवढाच तिचा संसार. तो उचलून जायचं तरी कुठं?

बंधुभवन म्हणजे महाराजांचं भारी लाडकं मंडळ. शास्त्रीबुवा, कारभारी, देशमुख, काझीसाहेब, पारशी डॉक्टर, सगळे त्यात. ज्याने त्याने आपापल्या धर्मग्रंथावर हात ठेवायचा आणि शपथ घ्यायची, की आतलं काही बायकोलासुद्धा सांगणार नाही! पौर्णिमेला संध्याकाळी मंडळाच्या इमारतीत पडदे पडत आणि खंडोजी बाहेर तलवार घेऊन उभा असे. गाव त्या इमारतीला जादूघर म्हणे आणि तिथून जाताना पोरं रामनाम घेत.

आणि काल राणीसाहेबांनी वाढता वाढता म्हटलं होतं, "तिथं एका टेबलाशी सगळ्या जातींची पंगत बसते म्हणे! मग इथं माझ्या सोवळ्याचं कौतुक कशाला?"

महाराजांनी हातातला घास ताटात टाकला. ही तर अगदी आतली गोष्ट! फोडली कुणी? दाराशी असतो तो खंडोजीच, दुसरं कोण?

"सरकार," राही म्हणाली, "मामंजींना एका कानानं ऐकू येत न्हाई, आन् दुसऱ्यात कापसाचा बोळा असतोय."

"मग डोळे आहेत ना!"

"हायेत की. पर ते फाटकाकडं असत्यात. आत कोण काय खातंय ते त्यांना कसं दिसावं?"

महाराज चिडले. "मग तूच शोध! पण ऐक. एकाही सभासदाला प्रश्न विचारायचा नाही, आणि बंधुभवनात पाऊल टाकायचं नाही. बायकांना तिथं मज्जावच आहे!"

खंडोजीने कपाळाला हात लावला. आत जायचं नाही, विचारायचं नाही, आणि चोर धरायचा! पण राहीच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटलं होतं.

"उद्या पुनव हाय न्हवं? बैठक होऊ द्या. परवा सकाळी सगळ्या सभासदांना हितं बोलवा. आन् राणीसाहेबांना चिकाच्या पडद्याआड बसवा."

"राणीसाहेब कशाला?"

"साक्षीला, सरकार!"

घरी येताना खंडोजी कुरकुरला, "पोरी, हे काय करून बसलीस?"

"मामंजी, आपली कपिला दूध देती त्यापेक्षा बातम्या जास्त देती. तुम्ही कधी बघितलंच न्हाई."

बैठक पार पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्याच्या मागल्या ओसरीवर सभासद जमले. राही आली ती डोक्यावर पाटी घेऊन. पाटीत फडक्यांनी झाकलेले चार तांबे होते.

"चोर कुठाय?" पागोटं काढून ठेवत महाराज गरजले.

"ह्या पाटीत!" राहीने पहिलं फडकं उचललं. "हा तांब्या बघा, सरकार!"

शास्त्रीबुवा शेंडीला गाठ मारत म्हणाले, "माझाच दिसतो. पण तो तुझ्याकडे कसा?"

"पुनवेच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या पहाटे आमच्या ओट्यावर येतोय. दर महिन्याला! पंचक्रोशीत कपिला गाय आमचीच. तिचं गोमूत्र न्यायला येतोय. आज चारी तांबे भरून परत न धाडता हितंच आणलेत. पंचगव्य घ्यायचं, जानवं बदलायचं, शुद्ध व्हायचं!"

शास्त्रीबुवांना एकदम खोकला आला. दुसरं फडकं उचललं, तो कारभाऱ्यांचा पितळी तांब्या. तिसरा देशमुखांचा, वर नाव कोरलेला. दोघंही आढ्याकडे पाहू लागले.

"दर पुनवेला बैठक, दर पाडव्याला तांबे! गाव काय आंधळं हाय, सरकार? सोवळ्यातली माणसं कुणासंगं जेवल्यावर गोमूत्र मागवत्यात, हे पाणी भरणारी पोरगीबी सांगंल. तेच वाड्यात पोचलं."

काझीसाहेब दाढीवरून हात फिरवत म्हणाले, "शपथ आहे, म्हणून आतलं काही बोलत नाही. पण आमच्या शेजारी बसल्यावर इतकं धुवावं लागतं? आम्ही तर नुसते हात धुतो!"

बोलले हसत, पण त्यांना लागलं होतं. शास्त्रीबुवांची मान खाली गेली.

"शरम वाटायला हवी!" महाराज कडाडले. "तोंडाने बंधू म्हणायचं आणि घरी जाऊन हे धंदे? मला सांग, चौथा कोण? त्याला आत्ताच्या आत्ता मंडळातून काढतो!"

राहीने चौथं फडकं उचललं.

चांदीचा तांब्या झळाळला!

चिकाआडून बांगड्या वाजल्या. "अगंबाई! हा तर माझ्या माहेरचा! लग्नात बाबासाहेबांनी दिलेला! दर पाडव्याला देवघरातून जातो कुठं, म्हणून मी दासींना बोलत होते!"

सगळ्यांचे डोळे महाराजांकडे वळले. महाराजांचा हात पागोट्याकडे गेला. पण ते तर आधीच खाली होतं.

"सरकार, शपथ तोंडानं कुणीच मोडली न्हाई," राही हात जोडून म्हणाली. "तोंडं मिटलेलीच होती. बोलले ते तांबे!"

महाराजांच्या मिशा हलल्या, पोट हललं, आणि ते असे खदखदून हसले की ओसरीवरची कबुतरं उडाली. काझीसाहेबांच्या पाठीवर थाप मारून ते म्हणाले, "काझीसाहेब, चुकलो! पुढच्या पौर्णिमेला जेवण माझ्याकडून, आणि दुसऱ्या दिवशी नुसते हात धुवायचे!"

मग ते वळले. "खंडोजी, फाटकाजवळचं घर आजपासून तुझं, पिढ्यान्‌पिढ्या! आणि राही, तुला काय हवं?"

चिकाआडून राणीसाहेबच म्हणाल्या, "तिला तो चांदीचा तांब्या द्या. आमच्या घरात त्याने फार चहाड्या केल्या!"

राहीने पदर सावरून वाकून मुजरा केला.

"घेते, सरकार. पर आधी रिकामा करून द्या!"