चिंचोक्यांचे मत

फार मागे एका माळावर प्राणी चिंचोक्याने मत देत; दोन बाजूंचे दोन खड्डे, ज्याला मत त्याच्या खड्ड्यात चिंचोका. रानडुकराचा एक चिंचोका, खारीचाही एकच.

त्या वर्षी ठरवायचे होते, पाणवठा सगळ्यांचा ठेवायचा की घुशीला द्यायचा. खारीची पिल्ले तिथेच पाणी पीत. खार चिंचेखाली गेली, तर एकही चिंचोका नाही. सगळे घुशीने आपल्या तांबड्या मातीच्या बिळात भरले होते.

"घूसमावशी, एक द्या ना."

"घे की, बाई. फक्त माझ्या खड्ड्यात टाक."

खार रिकाम्या हाताने परतली.

बाकीचे प्राणी बिळातून चिंचोके घेऊन तांबड्या पायांनी आले. घुशीचा खड्डा भरला, दुसरा रिकामाच राहिला. "प्रत्येकाने एकेकच टाकला, सगळे नियमाने झाले," पंच कासव म्हणाले.

खारीने खाली पाहिले. कासवाच्या पायांनाही घुशीच्या बिळातली तांबडी माती लागली होती.