रिकामा परतलेला तांब्या

एका नदीच्या दोन काठांवर दोन राज्ये नांदत होती. या काठाला डोंगरमाथ्यावरची शिखरपुरी आणि त्या काठाला झाडीत लपलेले साळवण. नदी एकच, पाऊस एकच, मातीचा रंगही एकच. तरी दोन्हीकडच्या माणसांच्या दिवसांत जमीन-अस्मानाचा फरक होता. हा फरक शिखरपुरीच्या राजाला सगळ्यांच्या शेवटी कळला. राजेलोकांना असल्या गोष्टी शेवटीच कळायच्या.

राजाचे नाव उदयभान. माणूस वाईट नव्हता, पण उंचीचे भारी वेड. त्याने डोंगरमाथ्यावर एक दगडी मनोरा बांधला होता आणि त्यावर सोन्याचा कळस चढवला होता. रोज संध्याकाळी राजा मनोऱ्यावर चढायचा, मिशीला पीळ द्यायचा आणि पलीकडे पाहायचा. पलीकडे काय दिसणार? नुसती झाडी आणि झाडीतून वर येणारा चुलींचा धूर. ना बुरूज, ना कळस. "बिचारे," असे म्हणून राजा सुस्कारा टाकायचा. त्याला साळवणची खरोखर कीव यायची.

राजाचा एकुलता एक मुलगा कीर्तिपाल लग्नाचा झाला. नदीकाठच्या जत्रेत त्याची आणि साळवणची राजकन्या केतकी हिची ओळख झाली होती, आणि दोघांचे मन एकमेकांवर बसले होते. "लग्न करीन तर केतकीशीच, नाहीतर असाच राहीन," असे त्याने बापाला सांगून टाकले. पोरगा हट्टी, थेट बापावर गेलेला. मग राजाने मागणी पाठवली. मनात म्हणाला, आपला मनोरा एकदा पाहिला की त्या लोकांचे डोळे दिपतील.

आता दोन्ही काठांवर एक जुनी रीत होती. मुलगी देण्याआधी तिच्याकडची एखादी वडीलधारी बाई मुलाचे घर पाहायला यायची. हातात एक रिकामा तांब्या असायचा. घरच्या बाया जिथून पाणी आणतात तिथवर तिने त्यांच्यासोबत स्वतः जायचे. घर पसंत पडले तर तांब्या त्या पाण्याने भरून देवघरात ठेवायचा. नाही पडले तर रिकामा तांब्या उचलून निघायचे. ना वाद, ना भांडण. तांब्याने काय ते सांगितलेले असायचे.

साळवणहून केतकीची आत्या आली. नाव भागीरथीबाई. राजघराण्यातली, पण अंगावर साधे सुती लुगडे आणि नजर अशी की समोरच्या बाईने आपोआप पदर नीट करावा. राजाने तिला हत्ती दाखवले, झुंबरे दाखवली, शेवटी मनोरा दाखवला.

"छान आहे हो," आत्याबाई म्हणाल्या. "आता पाणी कुठून आणता ते दाखवा."

राजा हसला. महालात पाणी असतेच, त्यात काय दाखवायचे? पण रीत ती रीत. पाणी भरणाऱ्या बायांसोबत आत्याबाई डोंगर उतरून गेल्या. राजा सज्जात पानविडा लावत बसला. विडा संपला, दुसरा संपला, ऊन डोक्यावर आले, तरी आत्याबाईंचा पत्ता नाही.

दुपार कलली तेव्हा बायांची रांग डोंगर चढून वर आली. राजाने पाहिले आणि त्याच्या हातातला विडा तसाच राहिला. साळवणच्या राजाची बहीण डोक्यावर भरलेला हंडा घेऊन येत होती, आणि तिच्यामागे दिवस भरत आलेली एक बाई एका हाताने कंबर धरून चालत होती. तिचे नाव तुळसा. हंडा तिचा होता. आत्याबाईंनी तो खाली उतरवला, तुळसाला सावलीत बसवले आणि रिकामा तांब्या उचलला.

राजाला झोंबले. "काय कमी पडलं आमच्या घरात?" त्याने विचारले.

"घरात काहीच नाही, महाराज. पण आमची केतकी उद्या इथली राणी व्हायची. या बायांच्या तोंडाकडे ती रोज कशी बघेल?"

कीर्तिपालचा चेहरा पार उतरला. ते पाहून आत्याबाई उंबऱ्यात थांबल्या. त्यांनी तो तांब्या राजाच्या हाती दिला. "एकदा तुम्ही आमच्याकडे या. राजा म्हणून नको, साधा मुलाचा बाप म्हणून या. हा तांब्या तिथून रिकामा परत न्यावासा वाटला, तर केतकीला मी स्वतः तुमच्या दारात आणून सोडीन."

राजाला तेच हवे होते. नावे ठेवायला असे कितीसे शोधावे लागणार? दुसऱ्याच दिवशी तो साधे धोतर नेसून, डोक्याला मुंडासे गुंडाळून नावेत बसला. तांब्या काखेत. रिकामाच परत आणायचा हे त्याने घरूनच ठरवले होते.

पलीकडे उतरून राजा झाडीत शिरला आणि हळूहळू त्याची चाल मंदावली. मनोऱ्यावरून नुसती झाडी दिसायची. त्या झाडीखाली अख्खे जग होते. आळीआळीला बांधीव विहीर होती, विहिरीतून दगडी पाट निघाला होता आणि तो घरांच्या दारावरून झुळझुळत चालला होता. एका ओट्यावर एक म्हातारी पाय धूत बसली होती. भरला तांब्या पायांवर रिकामा केला, मग दुसरा घेतला, कसली घाई नाही. शिखरपुरीत म्हातारी माणसे ओंजळभर पाण्यात पाय पुसल्यासारखे करत. राजाने ते जन्मभर पाहिले होते आणि त्याला ती म्हाताऱ्यांची सवय वाटत आली होती. तो त्या म्हातारीकडे बघतच राहिला.

पुढे वैद्याचे घर होते, आणि दार सताड उघडे. त्याच्या पलीकडच्या पडवीत पोरे पाढे म्हणत होती, मुलीसुद्धा. अंगाने पोरे अशी भरलेली की राजाला आपल्या गावच्या पोरांच्या बरगड्या आठवल्या. पण त्याला सगळ्यात नवल वाटले ते वेगळ्याच गोष्टीचे.

एका घराच्या ओसरीवर भर दुपारी एक बाई निजली होती.

आजारी नव्हती, बाळंतीण नव्हती. चांगली धडधाकट बाई, उशाला हात घेऊन, काम आटोपून शांत झोपली होती. राजा जागच्या जागी थबकला. आपल्या राज्यात दुपारी निजलेली बाई आपण कधी पाहिली, हे त्याने आठवून पाहिले. एकही आठवेना. दुपारी शिखरपुरीच्या बाया डोंगराच्या वाटेवर असत. राजाच्या अंगावर काटा आला. देवळाच्या गाभाऱ्यातही त्याला कधी असे वाटले नव्हते. आपल्या वहाणांचा आवाज होऊ नये म्हणून त्याने त्या काढून हातात घेतल्या.

शेजारच्या घरातली एक सून दारात धान्य निवडत होती. तिने त्याला पाणी दिले. "बसा बाबा. लांबून आलात का?"

तिच्या बोलण्यातला हेल राजाने ओळखला. "माहेर कुठलं, बाई?"

"पलीकडचंच, शिखरपुरीच्या पायथ्याचं. या आळीत आम्ही पुष्कळ जणी तिकडच्याच."

"आणि इकडच्या मुली तिकडे देतात का?"

ती सून जराशी हसली, आणि मग तिचे हसू गेले. "तिकडे कोण देईल, बाबा? माझी आईच मला म्हणाली, पोरी, काहीही कर पण नदी ओलांड. तो मनोरा दिसतो ना झाडांवरून, तो बांधला तेव्हा चुना कालवायचं पाणी माझ्या आईनं वाहिलंय. डोंगर चढून चढून तिचे गुडघे गेले. सणावाराला मी मनोऱ्याकडे बघते. आईची आठवण येते."

राजाने मान वर केली. झाडांच्या शेंड्यांवर कळस चमकत होता. जन्मात पहिल्यांदा तो आपला मनोरा खालून आणि पलीकडून पाहत होता. त्याने हातातले पाणी तसेच ओट्यावर ठेवले. आपण इतकी वर्षे वरून ज्यांची कीव करत होतो, त्यांच्या ओट्यावर बसायला आपल्याच लेकी जीव मुठीत धरून नदी ओलांडत होत्या.

आत्याबाई त्याला शोधत आल्या आणि साळवणच्या चौकातल्या मोठ्या विहिरीपाशी घेऊन गेल्या. विहीर कसली, तळेच म्हणा. पायऱ्या उतरून गेलेल्या, पाणी असे निवळ की तळाचा खडा दिसावा.

"महाराज, खरं सांगू का?" आत्याबाई म्हणाल्या. "आमच्या वडिलांनाही मनोराच बांधायचा होता. ही जागा मनोऱ्याच्या पायासाठीच खणली. खणता खणता पाणी लागलं. वडील रात्रभर काठावर बसून राहिले. सकाळी म्हणाले, देवाने दिलंय ते आधी घेऊ, मनोऱ्याचं मागून बघू. मग एकेका गावात पाणी शोधत सुटले. मनोरा राहूनच गेला."

राजाचे तोंड पांढरेफटक पडले. त्याला आपल्या मनोऱ्याचा पाया आठवला. तिथेही पाणी लागले होते. गवंडी धावत आला होता आणि म्हणाला होता, "महाराज, झरा फुटलाय, पाया कच्चा राहील." आणि राजाने मिशीला पीळ देत एकच शब्द उच्चारला होता, "बुजवा." शिसे ओतून, दगड लोटून तो झरा बुजवला होता. आणि मग त्याच जागेवर चुना कालवायला बाया नदीवरून पाणी आणत होत्या.

राजा पायऱ्या उतरला. तांब्या पाण्यात बुडवला, काठोकाठ भरला आणि दोन्ही हातांनी धरून वर आला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता. तो म्हणाला, "आत्याबाई, रिकामा न्यायला आलो होतो. केतकीला एवढ्यात धाडू नका. मी बोलावीन तेव्हा पुन्हा घर पाहायला या."

शिखरपुरीला पोचल्यावर त्याने तो तांब्या मनोऱ्याच्या पायथ्याशी ओतला आणि मनोरा उतरवायला सांगितले. लोक म्हणाले, राजाला बाहेरचं काही लागलंय. प्रधान पाया पडून रडला. पण कीर्तिपाल बापाशेजारी पहार घेऊन उभा राहिला, आणि एकेक दगड खाली येऊ लागला. पाया उकरला तेव्हा खालचे शिसे उचकटताच झऱ्याने असा उसळून श्वास घेतला की भोवतीची माणसे मागे सरली. मग कोणीतरी हात जोडले आणि सगळ्यांनीच जोडले. म्हाताऱ्या बाया त्या पाण्याला नुसता हात लावून बघत होत्या.

मनोऱ्याचे दगड गावोगावच्या विहिरींना गेले. कळस मोडून आलेला पैसा जिथे पाणी खोल होते तिथे खणायला लावला. काही गावांत पाणी लागले नाही, तिथे पुन्हा दुसरीकडे खणले. राजाचे केस पांढरे झाले. दुपारी महालावर नगारा वाजायचा, तो त्याने बंद करवला. का, ते कोणालाच कळले नाही.

मग एके दिवशी त्याने साळवणला निरोप धाडला. केतकी थांबली होती. भागीरथीआत्या आल्या आणि राजाकडून तोच रिकामा तांब्या घेऊन पाणी आणायला बाहेर पडल्या. या वेळी पाणी जवळच होते, पण बाईंचा पत्ता नाही. राजा उंबऱ्यात उभा होता, मुलीच्या बापासारखे हात चोळत. कीर्तिपालचा तर जीव टांगणीला लागला होता. काही चुकले असेल का? कुठल्या आळीची विहीर राहिली असेल का?

शेवटी आत्याबाई आल्या. दोघांकडे न बघता त्या थेट देवघरात गेल्या. तांब्या देवापुढे ठेवला. तो काठोकाठ भरलेला होता.

"उशीर झाला, महाराज," त्या पदराने हात पुसत म्हणाल्या. "विहिरीजवळच्या ओसरीवर ती तुळसा निजली होती, लेकराला कुशीत घेऊन. तिची झोप मोडू नये म्हणून तांब्या फार सावकाश बुडवावा लागला."

तात्पर्य: शेजारचा बाप जिथे निर्धास्तपणे आपली लेक नांदायला धाडतो, तोच देश भरभराटीला आला असे समजावे.