न चाखलेला मुरंबा

एका राज्यात, जिथे करवंदीच्या जाळ्या वाटसरूचे नाव विचारूनच त्याला वाट देत, धारिणी नावाची राणी राहत होती. तिला कुमुदा नावाची पाच वर्षांची लेक होती, आणि त्या लेकीची काळजी करण्यापलीकडे राणीला दुसरा उद्योग नव्हता.

राजवाड्याचा रिवाज असा, की राजघराण्याच्या पानातला पहिला घास सेवकाने चाखावा. धारिणीने लेकीसाठी तीन सेवक नेमले. पहिल्याने विष आहे का ते पाहावे, दुसऱ्याने तिखट आहे का ते पाहावे, आणि तिसऱ्याने पहिल्या दोघांवर विश्वास ठेवू नये. घास कुमुदेपर्यंत पोचेतो निवून गेलेला असे.

एका वैशाखात रानातली जखीण वाड्याच्या दाराशी आली. तिच्या हातात टपोऱ्या काळ्या करवंदांनी भरलेला द्रोण होता.

"पोरीसाठी आणलीत," ती म्हणाली. "माझ्या जाळीची."

राणीने द्रोण सेवकांकडे दिला. पहिल्याने थोडी चाखली, दुसऱ्याने मूठभर, आणि तिसऱ्याने पक्की खात्री व्हावी म्हणून उरलेली सगळी. कुमुदेसमोर रिकामा द्रोण आला.

जखीण म्हणाली, "बाई, मी मायेनं दिलं. तू ते लेकीच्या ओठांनाही लागू दिलं नाहीस."

"रागावू नका, आजी. तिचा घसा फार नाजूक आहे."

"मग पाखराचा देते. रानात फार टिकतो."

तत्क्षणी कुमुदेचे पिवळेधमक पाखरू झाले आणि दाराच्या कमानीवर जाऊन बसले. राणीने जखिणीचे पाय धरले. जखिणीने ते सोडवून घेतले नाहीत, पण स्वरही मऊ केला नाही.

"माझ्या जाळीची करवंदं स्वतःच्या हातानं तोड. स्वतः चुलीपाशी बसून त्यांचा मुरंबा कर. आणि कोणीही न चाखलेला पहिला घास लेकीला भरव. पुढचे तीन उन्हाळे देते. तिसरा हुकला, तर पोर कायमची रानाची."

राजा भद्रसेनाने सैन्य पाठवण्याची तयारी दाखवली. सैन्याकडून मुरंबा होत नसतो, हे राणीने त्याला समजावून सांगितले.

पहिल्या उन्हाळ्यात ती एकटी रानात गेली.

"कोण?" जाळीने विचारले.

"राणी धारिणी."

"नाव विचारलं. हुद्दा नाही."

"धारिणी," ती म्हणाली, आणि काट्यांनी तिला आत घेतले.

तिने वेचून वेचून काळीभोर, पिकलेली फळेच आणली. चिरली, बिया काढल्या, साखर घालून शिजवली. मुरंबा पाण्यासारखा पातळच राहिला. खिडकीतले पाखरू म्हणाले, "आई, थोडी लाल, अर्धीकच्ची पण घे ना. तरच घट्ट होतो. जखीण तसंच करते."

"तुला काय ठाऊक गं?"

"मी तिच्याकडेच तर राहते."

हे ऐकून राणीचा हात कढईच्या काठाला लागला आणि बोटे पोळली. पाखरू मान वाकडी करून पाहत राहिले. दुसऱ्या खेपेला मात्र मुरंबा जमला. गार ताटलीवर थेंब टाकून ताटली तिरपी केली, तरी ओघळला नाही. राणीने चमचा भरला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तिचा हात डावीकडे वळला. डावीकडे उभ्या असलेल्या सेवकाने, इतक्या वर्षांच्या सवयीने, तोंड उघडले. दोघांच्याही मनात काही नव्हते. बरणीतल्या मुरंब्याची राख झाली.

दुसऱ्या उन्हाळ्यात तिने वाड्यातले सगळे सेवक गावाला धाडले. चमचा भरला, पाखरू हातावर येऊन बसले. तेवढ्यात तिच्या मनात आले, कडू तर नसेल? आपण केलेले कधी धड होते का? नुसते जिभेच्या टोकाला लावून पाहू.

मुरंबा फार सुरेख झाला होता. चमच्यात त्याची राख होताना राणीला तेच अधिक लागले.

"आई," पाखरू म्हणाले, "मी खाल्ला असता की. कसाही असता तरी."

तिसऱ्या उन्हाळ्यात ती तोंडाला फडके बांधून चुलीपाशी बसली.

"हे कशाला?" राजाने विचारले.

"माझा माझ्यावर भरवसा नाही, महाराज."

"मी चाखू नये म्हणून मला बाहेर काढलंस, ते ठीक. पण स्वतःला कोंडून घ्यायचं म्हणजे…"

"तुम्ही बाहेर थांबा."

राजा बाहेर थांबला. मुरंबा झाला, निवला. न चाखता, न हुंगता राणीने चमचा पुढे केला. पाखराने चोच बुडवली, गिळले, आणि कुमुदा समोर उभी राहिली.

ती आठ वर्षांची झाली होती. पाय लांब झाले होते, पुढचे दोन दात नवे आले होते. ते पडले कधी, हलले कधी, रडली का, हे राणीला ठाऊक नव्हते. तिने लेकीला मांडीवर ओढले. लेक बसली, पण पाय जमिनीला टेकवून, आईवर भार पडू न देता.

चौघडा वाजला. चाखणाऱ्या सेवकांना बागेत पाणी घालायचे काम मिळाले. राजघराण्यात गरम जेवण सुरू झाले. शाप पुरता उतरला होता.

कुमुदेने दुसरा चमचा खाल्ला, मग तिसरा.

"कसा झालाय?" राणीने विचारले.

"छान झालाय, आई."

आता कोणी चाखले तरी चालणार होते. राणीने बरणीच्या काठाला बोट लावून जिभेवर ठेवले. मुरंबा खारट होता, तोंडात धरवेना इतका. चीक जावा म्हणून तिने करवंदे मिठाच्या पाण्यात घातली होती. त्यानंतर साध्या पाण्यातून काढायची राहून गेली होती.

पाच वर्षांच्या कुमुदेने तो तिथल्या तिथे थुंकला असता आणि भर दरबारात सांगितले असते, शी, आई. ती कुमुदा राणीला हवी होती. ती मागायची कोणाकडे, हे जखिणीने सांगितलेले नव्हते.

"खरंच छान?"

"खरंच."

लेकीने बरणी हळूच आपल्याकडे ओढून घेतली, आईचा हात पोचणार नाही इतकी दूर, आणि चौथा चमचा भरला. राणी तिच्या तोंडाकडे पाहत राहिली.