काचेतला देवमासा

समुद्र जिथून महिनाभराच्या वाटेवर होता, अशा एका डोंगरी नगरात एक महाविद्यालय होतं. तिथे वैद्यक शिकवत, न्याय शिकवत, शेती आणि बांधकामही शिकवत. त्या महाविद्यालयाचं ग्रंथालय एवढं मोठं होतं, की पाहुणे आले की त्यांना आधी तेच दाखवायला नेत. पाहुणे माना वर करून कपाटं बघत, 'वा, वा' म्हणत आणि जेवायला जात.

विद्यार्थ्यांना मात्र आत पाऊल टाकायची मुभा नव्हती. त्यांच्यासाठी एक खिडकी होती. तिच्यासमोर रांगेत उभं राहायचं आणि पुस्तकाचं नाव सांगायचं. मग आतून ग्रंथपालबाई विचारायच्या, "कशासाठी हवं?" हा प्रश्न त्यांचा नव्हता, प्राचार्यांचा होता. प्राचार्यांचं म्हणणं असं, की पुस्तक म्हणजे अवजार. काम नसताना अवजार हातात घेणारा माणूस एक तर आळशी असतो, नाही तर उपद्व्यापी. उत्तर पटलं तर पुस्तक मिळे. नाही पटलं तर हात हलवत परत जायचं.

तरुण पोरांना वाचायला नको असतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी ती रांग एकदा बघायला हवी होती. काय एकेक थापा चालत! वैद्यकाच्या एका मुलाला भुतांच्या गोष्टी हव्या असत. तो गंभीर चेहरा करून सांगे, "घाबरल्यावर नाडी कशी चालते, त्याचा अभ्यास करतोय." शेतीच्या मुलीला प्रेमकथा हवी असे. ती म्हणे, "त्यात आंब्याच्या बागेचं वर्णन आहे." न्यायशाखेतला एक विद्यार्थी तर या कामात इतका तरबेज, की बाकीचे त्याच्याकडून कारणं बनवून घेत. अख्खं महाविद्यालय दिवसाढवळ्या खोटं बोलत होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

ग्रंथपालबाईंना सगळं कळे. त्या मान खाली घालून पुस्तक सरकवत. पण एक गोष्ट त्यांनी हट्टाने केली होती. खिडकीसमोरच्या ओसरीवर त्यांनी एक काचेचं कपाट मागून घेतलं होतं. दर सोमवारी त्या त्यात चारपाच पुस्तकं मांडत, आणि तीही अशी, की जी आजवर कुणी मागितलीच नव्हती. एखादं पुस्तक आहे हेच ज्याला ठाऊक नाही, तो ते नाव घेऊन मागणार कसं, असा त्यांचा साधा विचार होता. कधी त्या ताऱ्यांची पुस्तकं मांडत, कधी मुंग्यांची, कधी दूरदेशीच्या स्वयंपाकाची. प्राचार्यांनी याला परवानगी दिली, कारण पाहुण्यांना ते छान दिसे. फक्त कपाटाला कुलूप घालायला लावलं. मांडलेलं पुस्तक बघायचं, हात लावायचा नाही. आहे की नाही गंमत?

एका सोमवारी बाईंनी त्यात समुद्राबद्दलची पुस्तकं मांडली. मधोमध देवमाशांवरचं एक जाडजूड पुस्तक उघडून ठेवलं.

बांधकामाच्या शाखेत शेवटच्या वर्षाला एक मुलगी होती. गवंड्याच्या घरची. चुना, वीट आणि कमान यांच्यापलीकडे तिने काही वाचलं नव्हतं, आणि वाचायला हवं असं तिला कधी वाटलंही नव्हतं. लहानपणापासून तिच्या डोक्यात एकच होतं, आपल्या गावच्या नदीवर पूल बांधायचा. ती नदी पावसाळाभर गावाचे दोन तुकडे करून ठेवी. अलीकडे लेक अडकली की पलीकडे आई नुसती हाका मारत बसे. पण महाविद्यालयाची मोहर मिळाल्याशिवाय त्या राज्यात कुणालाही पूल बांधता येत नसे. म्हणून ही मुलगी नाकासमोर बघून शिकत होती. त्या सोमवारी तिला कमानींवरचं एक पुस्तक हवं होतं. रांग लांब होती, बघायला दुसरं काही नव्हतं, म्हणून तिने काचेत डोकावलं.

उघड्या पानावर लिहिलं होतं, की देवमासा हा मासा नव्हेच. तो आपल्यासारखा हवेत श्वास घेतो आणि पिलाला दूध पाजतो. त्यांच्यातली एक जात तर पाण्यात उभ्याने झोपते. दहाबारा जणांचा कळप, खांब रोवल्यासारखा, पाण्याखाली गप्प उभा. 'अशा वेळी त्यांच्यामधून एखादी होडी गेली, तर' इथे पान संपलं होतं.

तर काय? मुलगी खिडकीशी पोचली तेव्हा कमानींच्या पुस्तकाचं नावच तिला आठवेना.

"बाई, ते काचेतलं पुस्तक मिळेल? देवमाशांचं?"

"कशासाठी हवं?" बाईंनी विचारलं.

"होडी गेली तर काय होतं, ते बघायचंय."

रांगेत हशा पिकला. बाईंच्या चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी उजळलं, पण त्या हळूच म्हणाल्या, "असं कारण चालत नाही गं."

मुलगी परत गेली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली आणि काचेला नाक लावून तेच पान वाचत उभी राहिली. तिची ती अवस्था बघून न्यायशाखेतल्या विद्यार्थ्याला दया आली.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "देवमाशाच्या फासळ्या म्हणजे कमानीच की! सांग, फासळ्यांवरून कमानीची रचना शिकायचीय. प्राचार्य स्वतः आणून देतील पुस्तक."

कारण अगदी चपखल होतं. मुलगी खुशीत खिडकीशी गेली. बाईंनी विचारलं, "कशासाठी हवं?" मुलीने तोंड उघडलं आणि तिला ते बोलवेना. आजवर ती जे जे शिकली ते कशासाठी तरी शिकली होती. पहिल्यांदाच काहीतरी असं भेटलं होतं, की जे तिला नुसतं हवं होतं. आणि नेमकं त्याच्याबद्दलच खोटं बोलायचं? तिला स्वतःचाच राग आला.

"वाचायला," ती म्हणाली.

पुस्तक मिळालं नाही. पुढच्या दिवशी ती पुन्हा आली, पुन्हा म्हणाली, "वाचायला." त्याच्या पुढच्या दिवशीही तेच. महाविद्यालयभर कुजबुज सुरू झाली आणि प्राचार्यांचं बोलावणं आलं.

प्राचार्य काही दुष्ट नव्हते. त्यांनी तिला समोर बसवलं.

"अगं, तू आमची हुशार विद्यार्थिनी. हे काय खूळ घेतलंस डोक्यात? आज तू नुसतं वाचायला पुस्तक मागतेस, उद्या सगळे मागतील."

"मग द्यायचं ना, सर."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. मग आवाज मऊ करून म्हणाले, "बरं, हे बघ. मीच तुला सुचवतो. माशाच्या फासळ्यांची रचना बघायचीय म्हण. नियमही राहील आणि तुला पुस्तकही मिळेल."

"पण सर, मला फासळ्या नाही बघायच्या."

"म्हणायला काय जातं तुझं?"

"मी खोटं बोलणार, हे तुम्हाला माहीत. तुम्ही ते खरं मानणार, हे मला माहीत. मग यात नियम कुठे राहिला, सर? नुसतं खोटंच राहिलं की."

आता मात्र प्राचार्यांचा पारा चढला. खरं बोलणं एखाद्याला किती झोंबतं, हे बघायचं असेल तर त्याला त्याच्याच खोलीत ते ऐकवावं. ते उठून उभे राहिले. "उद्या सकाळी खिडकीशी सगळ्यांसमोर तुला पुन्हा विचारलं जाईल. नीट कारण दे. नाही तर पटावरून तुझं नाव कमी होईल. मग मोहर नाही आणि पूलही नाही!"

मुलगी बाहेर आली. पुलावाचून अडलेली माणसं तिच्या डोळ्यांसमोर आली. ती पायरीवर बसून रडली. न्यायशाखेतला विद्यार्थी तिच्याशेजारी येऊन बसला.

"वेडी आहेस का तू? एका माशासाठी सगळ्यावर पाणी सोडणार?"

"मासा नाहीये तो," ती नाक पुसत म्हणाली.

सकाळी ओसरीवर ही गर्दी! ज्यांना पुस्तक नको होतं, तेही रांगेत होते. प्राचार्य खिडकीला खेटून उभे होते. मुलीचा नंबर सगळ्यात पुढे होता. ग्रंथपालबाईंनी मान वर न करताच विचारलं.

"कशासाठी हवं?"

मुलीने एकदा प्राचार्यांकडे पाहिलं. भीती वाटत होती, खूप वाटत होती. पण आज एक खोटं बोलून पुस्तक घेतलं, तर उद्या दुसऱ्या पुस्तकासाठी दुसरं बोलावं लागणार, आणि मग जन्मभर आपल्याला काय आवडतं तेही कुणाची तरी परवानगी काढून आवडायचं. हे तिला नको होतं.

"वाचायला," ती म्हणाली. या वेळी ती ते एवढ्या मोठ्याने म्हणाली, की पार शेवटच्या माणसाला ऐकू गेलं.

"नाव कमी करा," प्राचार्य म्हणाले.

मुलगी बाजूला सरली आणि काचेच्या कपाटापाशी जाऊन उभी राहिली. निघून काही गेली नाही.

पाठोपाठ न्यायशाखेतला विद्यार्थी होता. त्याने एक विनोदी पुस्तक मागितलं. त्यासाठी त्याने कारण आधीच घडवून ठेवलं होतं, चांगलं घोटीव, कायद्याच्या भाषेतलं. बाईंनी विचारलं, "कशासाठी हवं?" त्याने मुलीकडे पाहिलं. ते कारण त्याने गिळून टाकलं.

"वाचायला," तो म्हणाला. "हसायला येतं म्हणून."

"काय म्हणालास?" प्राचार्य गरजले. "तुझंही नाव कमी होईल!"

त्याच्यामागे वैद्यकाचा मुलगा होता. "मलाही वाचायला," तो म्हणाला. "आणि सर, ते नाडीचं मी इतकी वर्षं साफ खोटं सांगत आलो. मला भुतं आवडतात."

"वाचायला," शेतीची मुलगी म्हणाली. "आंब्यांशी माझं काही देणंघेणं नाही."

मग काय विचारता! रांग पुढे सरकत राहिली आणि एकेक जण ताठ मानेने तेच सांगत राहिला. कुणाचा आवाज कापरा होता, कुणी भांडल्यासारखं बोललं, एका लाजाळू पोराला तर शब्द फुटेना, त्याने नुसती मान डोलावली. प्राचार्यांचा चेहरा लालबुंद झाला.

"सगळ्यांची नावं कमी करीन!"

"करा की, सर," मागून कुणीतरी म्हणालं. "मग शिकवणार कुणाला?"

इतक्यात खिडकीमागची खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. ग्रंथपालबाई उठल्या. खिडकी त्यांनी लोटून घेतली. मग ग्रंथालयाचं ते भलंमोठं दार, जे फक्त पाहुण्यांसाठी उघडत असे, ते सताड उघडून त्या बाहेर आल्या. त्यांनी कनवटीची किल्ली काढली आणि काचेच्या कपाटाला लावली.

"बाई, नोकरीचा विचार करा," प्राचार्य म्हणाले.

"केला, सर," बाई म्हणाल्या. "लोकांना पुस्तकं वाचायला देणं, ही माझी नोकरी. आजवर ती मी केलीच नव्हती."

त्यांनी ते जाडजूड पुस्तक उचलून मुलीच्या हातात ठेवलं. तिने उभ्याउभ्याच पान उलटलं. आता सगळी रांग तिच्याभोवती गोळा झाली. "मोठ्याने वाच! होडी गेली तर काय?"

मुलीने वाचलं, "तर ते हलतसुद्धा नाहीत. होडीचा धक्का लागलाच, तर तेवढ्यापुरते जागे होतात आणि शांतपणे निघून जातात."

"हात्तिच्या!" वैद्यकाचा मुलगा म्हणाला. "एवढंच?"

"एवढंच," मुलगी म्हणाली. आनंद तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हता.

प्राचार्य जिथल्या तिथे उभे होते. एवढ्या पोरांची नावं कमी केली तर पटावर आपलंच नाव तेवढं उरेल, हे त्यांना कळून चुकलं होतं. तरी जाता जाता त्यांनी एकदा आवाज चढवून पाहिला. "कळलं ना काय होतं ते? झालं ना समाधान? आता ठेवा ते पुस्तक परत."

"कसं ठेवू, सर?" मुलगी म्हणाली. "अजून अख्खं पुस्तक वाचायचं राहिलंय." आणि ती तिथेच पायरीवर मांडी घालून वाचायला बसली.

त्यानंतर कुणाचंही नाव कमी झालं नाही. त्या मुलीला यथावकाश मोहर मिळाली आणि तिच्या गावच्या नदीवर पूलही झाला. पण त्या सकाळी तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि तरीही ती खोटं बोलली नव्हती.

तात्पर्य विचारणारे विचारतीलच, तर ऐका: वाचावंसं वाटतं, हे वाचण्याचं पुरेसं कारण आहे. ते मान वर करून सांगावं, आणि कुणी दुसरं कारण मागितलं तर ते देऊ नये.