हाकेचं बेट

आमच्या बंदरापासून दोन तासांवर समुद्रात एक बोडकं बेट आहे. त्याच्या माथ्यावर जांभ्यात हाताने खणलेलं उथळ कुंड आहे. ते सोमा कुबलाने खणलं, असं पर्यटकांना तिकडे नेणारे म्हातारे अंकुश तारी सांगतात.

सोमा म्हणे विठोजी तांडेलाच्या गलबतावर सुतार होता. तळाची फळकुटं सडली होती. महिनाभर पाणी उपसून सोमाचे हात सुजले होते. पाऊस तोंडावर आला होता आणि विठोजीला माल पोचवायची घाई होती. वारा पडला म्हणून गलबत या बेटाला लागलं, तेव्हा सोमा म्हणाला, "तांडेलानू, ह्यां गलबत बुडतलां. माका हयच उतरवा."

"मग रव हयच," विठोजी म्हणाला.

आपल्यामागून बाकीचेही उतरतील, असं सोमाला वाटलं होतं. कुणी उतरलं नाही. शीड भरलं तसा तो घाबरला, कंबरभर पाण्यात शिरून हाका मारू लागला. गलबत वळलं नाही. आठ दिवसांत ते नऊ माणसांसकट बुडालं, असं सांगतात. सोमाला ते कळायला मार्ग नव्हता.

जवळच्या पटाशीने जांभा खणून त्याने पावसाचं पाणी साठवलं; कालवं आणि पाखरांची अंडी खाऊन तो जगला. पहिल्या वर्षी दिसेल त्या शिडाला त्याने हाक मारली. खलाशांना ते भूत वाटे, ते दुरून निघून जात. तिसऱ्या वर्षी शीड दिसलं तरी तो बसूनच राही.

मग एकदा एका होडीतूनच हाक आली, "कोण आसा रे?" सोमाने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. होडी मात्र थांबली. तिसऱ्या हाकेला त्याने पटाशी खडकावर आपटली.

गावात आल्यावर बुडालेल्यांच्या घरची माणसं त्याच्याभोवती जमली. त्याला मान वर करवेना. विठोजीची बायको भागीरथी पुढे आली.

"तुझी हाक त्येंका ऐकाक इली?"

सोमा म्हणाला, "इली."

"मग त्येंनी फिराक होयां होतां," ती म्हणाली आणि त्याच्याशेजारी खाली बसली. त्या बेटावरून जाणाऱ्याने हाक घातल्याशिवाय पुढे जाऊ नये, हे तिनेच गावाकडून कबूल करून घेतलं म्हणतात.

आजही तारी तिथे इंजिन बंद करतात, हाक घालतात आणि गप्प बसून राहतात. उन्हाने कावलेला एखादा पाहुणा विचारतो, उत्तर कोण देणार आहे?

"जरा थांबा," ते म्हणतात. "माणसाला आवाज फुटायला वेळ लागतो."